भजं जातं, उंदीर मात्र सापडत नाही

पत्र: आम्ही डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. महिन्यापूर्वी स्वयंपाकघरात ट्रॉलीच्या मागे जिऱ्याएवढे काळे दाणे दिसले, मग तांदळाच्या पिशवीला भोक पडलेलं आढळलं. बाजारातून तारेचा पिंजरा आणला. रोज रात्री भजं लावते. सकाळी भजं गायब आणि पिंजऱ्याचं दार उघडंच. औषधाची वडी ठेवली, तर एक कोपरा कुरतडून सोडून दिली. गोंदाच्या पुठ्ठ्यावर पाल चिकटली. मुलगा दीड वर्षाचा आहे, सगळं तोंडात घालतो, म्हणून वडी उचलून ठेवली आहे. हे म्हणतात, एकच उंदीर आहे, जाईल आपोआप. सासूबाई म्हणतात, गणपतीच्या वाहनाला मारायचं नाही. मी काय करू?

उत्तर:

ताई, लेंड्या जिऱ्याएवढ्या आणि भजं खाऊनही पिंजरा उघडाच, या दोन गोष्टींतून बरंच कळतं. तो तारेचा पिंजरा मोठ्या काळ्या उंदरासाठी बनवलेला असतो. दीडदोनशे ग्रॅमचा तो गडी आमिषाला हिसका देतो, आकडा सुटतो, दार पडतं. तुमच्याकडे आला आहे तो घरातला छोटा उंदीर. वजन फार तर पंधरा-वीस ग्रॅम, अंग सात ते दहा सेंटिमीटर, शेपूट जवळपास तेवढीच लांब, कान अंगाच्या मानाने मोठे. त्याच्या ओढीने आकडा सुटत नाही, आणि सुटलाच तर जाळीच्या चौकोनातून तो सरळ बाहेर पडतो. थोडक्यात, रोज रात्री तुम्ही त्याला जेवण वाढता आहात.

तरी एकदा खात्री करून घ्या. छोट्या उंदराची लेंडी तीन ते सात मिलिमीटर, टोकांना निमुळती. मोठ्या उंदराची एक सेंटिमीटरच्या वरच. पालीच्या विष्ठेच्या एका टोकाला पांढरा ठिपका असतो. मोठ्या झुरळाचे दाणे बोथट टोकांचे असतात आणि अंगावर उभ्या रेघा दिसतात. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे आणि उग्र वास असेल तर ती चिचुंद्री; ती किडे खाते, तांदळाच्या पिशव्या फोडत नाही. तुमच्याकडे पिशवी कुरतडली आहे, तेव्हा शंका फारशी उरत नाही. लेंड्या मोठ्या निघाल्या तर मात्र खालचं सगळं जसंच्या तसं लागू करू नका. मोठा उंदीर नव्या वस्तूला बिचकतो, त्याच्यासाठी सापळा चार-पाच दिवस चाप न ओढता नुसता आमिष लावून ठेवावा लागतो.

छोट्याचा स्वभाव उलट आहे, आणि पुढचा सगळा बेत त्यावरच उभा आहे. नवी वस्तू दिसली की तो आपणहून जवळ जातो. दिवसभरात त्याचं खाणं जेमतेम तीन ग्रॅम, पण ते तो एका जागी बसून खात नाही. एका रात्रीत वीसतीस ठिकाणी एकेक घास घेत फिरतो. तुमच्या वडीचा एकच कोपरा गेला तो यामुळे. पाण्यावाचूनही त्याचं बराच काळ निभतं, खाण्यातला ओलावा पुरतो, त्यामुळे नळ गळत नसला तरी तो राहतो. आणि तो लांब जात नाही. घरट्यापासून तीन ते दहा मीटर, एवढाच त्याचा मुलूख. लेंड्या ट्रॉलीमागे आहेत म्हणजे घरटं बहुतेक स्वयंपाकघरातच आहे.

आता "एकच आहे" याचं. असेलही, पण अंदाजाने बोलण्यापेक्षा मोजून बघता येतं. एक उंदीर दिवसाला साधारण पन्नास ते ऐंशी लेंड्या टाकतो. आधी सगळ्या लेंड्या साफ करा, म्हणजे जुन्यानव्याचा घोळ राहत नाही. (ताजी लेंडी काळी, चकचकीत आणि मऊ असते, जुनी राखाडी होते आणि दाबली की भुगा होतो.) मग सलग तीन सकाळी नवीन किती दिसतात ते बघा. सगळ्या काही सापडत नाहीत, त्यामुळे एका सकाळी दिसल्या त्याच शंभरच्या घरात असतील तर एकटा नाही हे नक्की. लेंड्यांत मोठ्या आणि अगदी बारीक, दोन-तीन मिलिमीटरच्या, अशा दोन्ही असतील तर पिल्लं बाहेर पडून फिरायला लागली आहेत. मादी एकोणीस ते एकवीस दिवसांत विते, एका वेताला पाच-सहा पिल्लं, आणि ती पिल्लं सहा आठवड्यांत स्वतः विण्याजोगी होतात. "जाईल आपोआप" म्हणत महिना गेला आहे, म्हणजे एक वेत होऊन गेला असण्याची शक्यता धरूनच चाला.

साफसफाई करताना एक पथ्य पाळा: कोरडा झाडू मारायचा नाही, व्हॅक्यूमही नाही. वाळलेल्या लेंड्या आणि मुताची धूळ उडते आणि नाकात जाते. खिडक्या उघडून अर्धा तास वारा खेळू द्या. हातमोजे घाला, नाकातोंडावर मास्क लावा. घरात वापरायच्या ब्लीचचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग असं द्रावण त्याच दिवशी करा आणि लेंड्यांवर चांगलं भिजेल इतकं फवारा. पाच मिनिटं थांबा, मग कागदाने टिपून घ्या, कागद पिशवीत बांधून टाका, आणि ती जागा पुन्हा त्याच द्रावणाने पुसा. ब्लीचमध्ये फिनेल, ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका, विषारी वायू सुटतो. घरात कोणी गरोदर असेल तर हे काम तिने करायचं नाही. छोट्या उंदराकडून येणारा एक विषाणू पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतो. लेप्टोची भीती बहुतेकांच्या डोक्यात असते. तो मुख्यतः मोठे उंदीर आणि घुशी यांच्या मुतातून, पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून पसरतो. स्वयंपाकघरातल्या छोट्या उंदराची खरी काळजी करायची ती साल्मोनेलाची, म्हणजे ओट्यावर, भांड्यांवर आणि उघड्या अन्नावर त्याच्या लेंड्या-मुतातून जाणाऱ्या जंतूंची. दीड वर्षाच्या मुलाला त्यातून होणारे जुलाब फार जड जातात. म्हणून सध्या रात्री ओट्यावर पालथी घातलेली भांडीसुद्धा सकाळी विसळूनच वापरा.

तांदूळ फेकून द्या. निवडून, धुऊन, उन्हात घालून चालेल का असं विचाराल, तर नाही. पोत्याच्या एका कोपऱ्यात लेंड्या दिसल्या तरी मूत कुठवर झिरपलं ते दिसत नाही.

मग येते ती पाहणी. रविवारचा अर्धा दिवस काढा, टॉर्च घ्या आणि ट्रॉल्या रुळावरून पूर्ण बाहेर काढा. खालची स्कर्टिंगची पट्टी बहुतेक ठिकाणी नुसती क्लिपांवर बसवलेली असते, ती ओढली की निघते. तिच्या मागे जे दिसेल ते बघून बरेच जण आधी स्वतःवर आणि मग सुतारावर चिडतात. फ्रिज पुढे घेण्याआधी प्लग काढा. मागे खाली कॉम्प्रेसरजवळ जागा कायम उबदार असते, तिथे चिंध्या, कागद, कापूस, थर्मोकोल यांचा नारळाएवढा किंवा त्याहून लहान सैल गोळा दिसला तर तेच घरटं. वॉशिंग मशीनचा तळ, मिक्सर-ओव्हनची जपून ठेवलेली खोकी, माळ्यावरच्या गोधड्या, सोफ्याच्या तळाचं कापड, इन्व्हर्टरची पेटी, हेही बघा. भिंतीच्या कडेने, पाइपांवर काळपट तेलकट पट्टा दिसला तर तो नेहमीचा रस्ता. एकाच वाटेने अंग घासत जाऊन जाऊन तो उमटतो. वास जुनाट आणि अमोनियासारखा येतो, बंद कपाट उघडल्या उघडल्या जास्त जाणवतो.

देवघर विसरू नका. तुपात भिजवलेल्या फुलवाती आणि रात्री ठेवलेला नैवेद्य त्याला फार आवडतो, आणि वातींचा कापूस घरट्याला लागतो. डब्यातल्या वाती कमी होत असतील तर मुलावर आळ घेऊ नका. जळती समई किंवा निरांजन रात्रभर तसंच ठेवत असाल तर ते आजपासून बंद. तेलकट वात उंदीर ओढून नेतो.

रस्ता कळत नसेल तर टाल्कम पावडर किंवा रांगोळी वापरा. वीतभर लांब कागदाच्या पट्ट्यांवर अगदी पातळ थर द्या, फुंकर मारली तर उडेल इतकाच, आणि त्या ट्रॉलीखाली, फ्रिजमागे, सिंकखाली, दाराजवळ भिंतीला लागून ठेवा. सकाळी पुढच्या पायाची चार आणि मागच्या पायाची पाच बोटं उमटलेली दिसतील, मधून शेपटीची रेघ. ज्या पट्टीवर सगळ्यात जास्त गर्दी, तिथे सगळ्यात जास्त सापळे. पीठ वापरू नका, ते तो खाऊन टाकतो.

सापळा कोणता, तर चापाचा, लहान आकाराचा. लाकडी फळीचा चालेल, प्लास्टिकचा चिमट्यासारखा दाबून उघडायचा असेल तर बोटं वाचतात. मोठ्या उंदराचा मोठा चाप आणू नका. त्याची पट्टी छोट्याच्या वजनाने दबत नाही आणि पुन्हा भज्याचीच गत होते. एक सापळा आणून "बघू या" म्हणणं हीच इथली नेहमीची चूक. तुमच्या एवढ्या स्वयंपाकघराला पहिल्या रात्री निदान आठ लावा. छोटा उंदीर नव्या वस्तूला भीत नाही, त्यामुळे पहिल्या दोन-तीन रात्रींतच सर्वाधिक सापडतात. नंतर जो शिल्लक राहतो तो उडालेल्या चापातून वाचलेला आणि हुशार झालेला असतो. म्हणून सुरुवातच जोरात हवी.

सापळा भिंतीला काटकोनात ठेवायचा आणि आमिषाची बाजू भिंतीकडे. उंदीर भिंतीला मिशा लावून चालतो, मोकळ्यावर सहसा येत नाही. भिंतीपासून हातभर दूर ठेवलेल्या सापळ्याजवळून तो रोज जाईल आणि तुम्ही म्हणाल सापळाच खराब. जिथे लेंड्या जास्त तिथे दोन सापळे शेजारी शेजारी ठेवा, एकाला उडी मारून ओलांडलं तर दुसऱ्यात येतो. बाकी ठिकाणी दोन-दोन मीटरवर एकेक.

आमिष मुगाएवढं. याहून मोठा तुकडा लावला की तो कडेकडेने कुरतडून निघून जातो. शेंगदाण्याचं कूट चमचाभर घेऊन त्यात तेलाचे दोन थेंब घाला, पेस्टसारखं मळा आणि पट्टीच्या खाचेत बोटाने दाबून चिकटवा, म्हणजे त्याला चाटत-खरवडत बसावं लागतं आणि चाप उडतो. मांसाहार चालत असेल तर सुकटीचा एक जवळा दोऱ्याने पट्टीला बांधा. तोही ओढून काढता येत नाही. घरट्यासाठी कापूस गोळा करण्याचे दिवस असतील तर कापसाचा बारीक बोळा बांधलेला सापळाही लागतो, खाण्याच्या आमिषाला भीक न घालणारी मादी त्यात येते. भजं मात्र आता तुम्हीच खा. रात्री ओटा पुसून, कचऱ्याचा डबा बाहेर किंवा घट्ट झाकणात आणि सिंकची जाळी साफ करून झोपा. उष्टी भांडी पडलेली असतील तर तुमचं मुगाएवढं आमिष त्याच्या कामाचं नाही.

मुलगा लहान आहे, त्यामुळे सापळे फक्त अशा जागी लावा जिथे त्याचा हात जात नाही: ट्रॉलीच्या मागे स्कर्टिंग परत लावून, फ्रिजच्या मागे, माळ्यावर. मोकळ्या कोपऱ्यात लावायचाच असेल तर चपलांच्या खोक्याला दोन बाजूंना तळालगत तीन सेंटिमीटरची भोकं पाडा, सापळा आत ठेवा, झाकणाला चिकटपट्टी मारा आणि खोकं भिंतीला टेकवून ठेवा. उंदराला असा अंधारा बोगदा आवडतो आणि पालही वाचते. सकाळी सगळे सापळे मोजून उचला.

मेलेला उंदीर हातमोजे घालून, ब्लीचचं तेच द्रावण फवारून, दोन पिशव्यांत बांधून कचऱ्यात टाका. सापळा धुऊन पुन्हा लावा. आधीच्या उंदराचा वास राहिला तर पुढचे येत नाहीत, ही समजूत खरी नाही. धुवायचं ते आपल्यासाठी. सलग दोन आठवडे एकही सापडला नाही आणि पावडरीच्या पट्ट्या कोऱ्या राहिल्या, की मगच सापळे काढा. तीन सापडले म्हणून चौथ्या दिवशी आवरून ठेवलं, तर महिनाभरात पुन्हा पहिल्यापासून.

सासूबाईंचा मुद्दा बाजूला टाकण्यासारखा नाही, पण त्यांना खरं काय ते सांगा. जिवंत पकडायचा तर बारीक छिद्रांच्या पत्र्याचा किंवा प्लास्टिकचा, एकतर्फी दाराचा लहान पिंजरा मिळतो, तो वापरता येईल. मात्र तो रात्री झोपताना आणि सकाळी उठल्या उठल्या बघावाच लागतो. एवढासा जीव त्यात अडकून भुकेने, भीतीने काही तासांत मरतो, आणि ते चापापेक्षा वाईट. आत खाणं आणि कापसाचा बोळा ठेवा. सोडायचा कुठे, हा खरा प्रश्न. इमारतीखाली सोडला तर तो परत येतो किंवा शेजाऱ्यांकडे जातो. लांब मोकळ्यावर सोडला तर घरात वाढलेला हा उंदीर तिथे फार दिवस जगत नाही. एकही उंदीर मारायचा नाही असं त्यांचं म्हणणं असेल तर त्याला एकच मार्ग उरतो, तो म्हणजे घरात शिरायची वाट बंद करणं, आणि त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे. गोंदाचा पुठ्ठा मात्र आजच बाहेर काढा. त्यात उंदीर तासन्‌तास, कधी दीड-दोन दिवस जिवंत राहतो, ओरडतो, कातडी सोलून घेतो, त्या भीतीने भराभर मुततो. मुलाचा हात चिकटला तर तो वेगळाच गोंधळ. आता चिकटलेली पाल जिवंत असेल तर खाद्यतेल थेंबथेंब सोडून हळूहळू सुटते.

औषधाची वडी उचलून ठेवलीत, उत्तम केलंत. दुकानात मिळणाऱ्या त्या रंगीत वड्या बहुतेक ब्रोमाडायोलोनच्या, ०.००५ टक्क्याच्या असतात. त्याने रक्त गोठणं थांबतं आणि उंदीर चार ते सात दिवसांनी मरतो, म्हणजे नेमका कुठे मरेल ते आपल्या हातात नाही. ट्रॉलीच्या मागच्या पोकळीत किंवा फॉल्स सीलिंगवर मेला तर आठवडा-दोन आठवडे घरात बसवत नाही, आणि तो शोधायला लाकूडकाम उचकटावं लागतं. मुलाने अशी वडी खाल्ली तर पहिले दोन-तीन दिवस तो ठणठणीत दिसू शकतो. त्यावर विसंबू नका, वडीचं वेष्टन हातात घेऊन त्याच तासाला रुग्णालयात जा. यावर व्हिटॅमिन के-१ हा उतारा आहे, तो डॉक्टरांनीच द्यायचा. घरी मीठपाणी पाजून उलटी करवायची नाही.

काळी पूड आणि ट्यूबमधली पेस्ट यांना तर घरात थाराच नको. काळी पूड म्हणजे झिंक फॉस्फाइड, पोटातल्या आम्लाशी संयोग होऊन तिच्यातून फॉस्फीन वायू सुटतो. पेस्टमध्ये पिवळा फॉस्फरस असतो. ती पोटात गेलेला माणूस एक-दोन दिवस बरा वाटतो आणि मग यकृत निकामी होतं. दोन्हींवर उतारा नाही. पोळीला पेस्ट लावून कोपऱ्यात ठेवायची आपल्याकडची जुनी पद्धत रांगत्या मुलाच्या घरात जीवघेणी आहे. धान्यात घालायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या कोणी "बिळात टाका, एका रात्रीत खलास" म्हणून दिल्या, तर घेऊच नका. बंद घरात त्या वायूने झोपेतच माणसं गेलेली आहेत.

प्लगला लावायची अल्ट्रासोनिक यंत्रं घेऊ नका. आवाज ट्रॉलीच्या फळीपलीकडे जात नाही आणि उंदीर काही दिवसांत त्याला सरावतो. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये असल्या यंत्रांच्या साठहून जास्त उत्पादक-विक्रेत्यांना दाव्यांबद्दल इशारापत्रं पाठवली होती; आपल्याकडे ती अजून तोच दावा करत विकली जातात. डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल, लाल तिखट यांनी तो फार तर एक रात्र दुसऱ्या कोपऱ्यात जातो. डांबरगोळ्या मूल तोंडात घालतं, तो धोका वर.

आता वाटा बंद करण्याचं काम, ज्यावर सगळ्यात जास्त वेळ आणि थोडा पैसा घालवायला हवा. शिसपेन्सिल घ्या आणि घरभर फिरा. ज्या फटीत पेन्सिल जाते त्या फटीतून छोटा उंदीर जातो. त्याला सहा मिलिमीटर पुरतात. तिसरा मजला म्हणजे उंच नव्हे. तो खडबडीत भिंत चढतो, पाइप चढतो, केबलवरून चालत येतो, जागच्या जागी फूटभर उडी मारतो.

तुमच्यासारख्या फ्लॅटमध्ये सर्वात संशयित जागा म्हणजे सिंकखालचा सांडपाण्याचा पाइप जिथे भिंतीत शिरतो ती. प्लंबरने तिथे पाइपाच्या दुप्पट भोक पाडलेलं असतं, वर एक प्लास्टिकची चकती सरकवलेली असते, आणि चकतीमागे थेट डक्ट, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप ज्यातून वर-खाली जातात ती इमारतीतली उभी पोकळी. चकती सरकवून टॉर्च मारा. त्यानंतर गॅसच्या पाइपाचं भोक, वॉटर प्युरिफायरची नळी, वॉशिंग मशीनचा आउटलेट, चिमणीच्या धुराड्याचं तोंड, एसीचे तांब्याचे पाइप आणि पाणी टाकायची नळी बाहेर जाते ती जागा, इंटरनेटच्या वायरी, बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्यांतल्या फटी आणि एक्झॉस्ट फॅन. नहाणीची जाळी तुटलेली किंवा नुसती वर ठेवलेली असेल तर स्क्रूने बसणारी स्टीलची घ्या. शेवटी मुख्य दाराखालची फट. संध्याकाळी जाळीचं दार बंद आणि मुख्य दार उघडं ठेवायची पद्धत असते. जाळीच्या दाराखालून पेन्सिल जाते का तेही बघा.

बुजवायचं कशाने? कुरतडता येणार नाही अशा वस्तूने. थर्मोकोल, फोमचा स्प्रे, कापड, रबर, नुसतं सिलिकॉन, प्लास्टर ऑफ पॅरिस हे सगळं तो पोखरतो. फोम तर घरट्याच्याच कामी येतो. लहान फटीत भांडी घासायची स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी उलगडून पेचकसाने ठासून भरा, ओढली तर निघणार नाही इतकी घट्ट, आणि वरून एम-सील किंवा सिलिकॉनने बंद करा. साधा लोखंडी काथ्या नको. सिंकखाली ओल असते, सहा महिन्यांत गंजून त्याचा चुरा होतो आणि वरचा मुलामा पोकळ राहतो. दोन बोटांपेक्षा मोठं भोक असेल तर आत घासणी भरून वरून एकास तीन सिमेंट-वाळूचा गिलावा. काही गवंडी त्यात काचेचा चुरा घालतात, चालतं. सिमेंट एक रात्र ओलं असतं आणि त्या रात्री उंदीर ते उकरू शकतो, म्हणून वरून पत्र्याचा तुकडा किंवा जाळी स्क्रूने दाबून ठेवा. हवा खेळायला हवी तिथे, म्हणजे चिमणी आणि एक्झॉस्टला, सहा मिलिमीटरपेक्षा बारीक भोकांची स्टीलची जाळी. डासांची नायलॉनची जाळी तो एका रात्रीत कापतो. दाराच्या तळाला ॲल्युमिनियमची पट्टी लावा, फट पाच मिलिमीटरच्या आत आली पाहिजे. नुसत्या रबरी पट्टीचा कोपरा आधी जातो.

क्रमाबद्दल नेहमी गोंधळ होतो. आधी बुजवलं तर उंदीर आत कोंडतील, आधी पकडले तर नवे येत राहतील. सापळे लावणार असाल तर दोन्ही एकाच दोन-तीन दिवसांत करा: बाहेरच्या वाटा बंद, आतले सापळ्यात. विष टाकून वाटा बंद करणं हा मात्र सर्वांत वाईट मेळ, कारण मरतील ते सगळे आतच.

किराणा आता पिशवीत ठेवायचा नाही. घट्ट झाकणाचे स्टीलचे किंवा काचेचे डबे. पातळ प्लास्टिकच्या बरण्यांच्या झाकणाची कड तो कुरतडतो. वर्षाचा गहू-तांदूळ भरत असाल तर पत्र्याची कोठी, जमिनीपासून वीतभर वर आणि भिंतीपासून थोडी सुटी, म्हणजे मागे टॉर्च मारता येतो. दुकानातून आलेलं पोतं किंवा खोकं घरात घेण्याआधी दारातच उलटंपालटं करून बघा. कितीतरी घरांत पहिला उंदीर पाइपाने नव्हे, धान्याच्या पोत्यातून किंवा रद्दीच्या गठ्ठ्यातून येतो. बाल्कनीत कबुतरांना दाणे टाकत असाल तर ते थांबवा. रात्री उरलेले दाणे कोण खातं हे आता वेगळं सांगायला नको.

डक्ट तुमच्या एकट्याचा नाही. वरच्या-खालच्या शेजाऱ्यांना विचारा, त्यांच्याकडेही लेंड्या असण्याची दाट शक्यता आहे, फक्त कोणी बोललेलं नसतं. सोसायटीच्या बैठकीत डक्टच्या तळाचा कचरा काढणं, तळाच्या दाराला जाळी आणि त्या रांगेतल्या सगळ्या घरांची पाइपांची भोकं एकाच आठवड्यात बुजवणं, एवढं मंजूर करून घ्या. बाहेर आवारात घुशींची बिळं असतील तर महापालिकेकडे तक्रार करा. पेस्ट कंट्रोलवाल्याला बोलावलंच तर आधी विचारा: औषधाचं नाव काय, ते कुलूपबंद पेटीत ठेवणार का, पेट्या कुठे ठेवल्या ते लिहून देणार का, आणि पंधरा दिवसांत किती वेळा येणार. एकदा येऊन वड्या टाकून जाणारा असेल तर ते काम तुम्ही नाकारलेलंच आहे.

आणि यापुढे एसीवाला, इंटरनेटवाला, प्युरिफायरवाला, जो कोणी भिंतीला भोक पाडेल, त्याच्याकडून तो घरात असतानाच घासणी आणि एम-सील भरून घ्या. एक पाकीट सिंकखाली आणून ठेवा; "उद्या माणूस पाठवतो" म्हणून गेलेला सहसा परत येत नाही.